बाबारावांची सभागृहातली ड्युटी

बाबाराव मनवर एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतीत निवडून आले. प्रचार त्यांनी फारसा केला नाही. अर्धं हिवरदरी गाव कधी ना कधी त्यांच्या गाडीत उभं राहून यवतमाळला गेलं होतं, आणि कितीही गर्दी असो, "सरका, सरका, अजून मागं लय जागा आहे" असं म्हणत बाबारावांनी प्रत्येकाला कुठंतरी टेकायला जागा करून दिली होती. लोक हे विसरले नव्हते.

पंचायतीत गेल्यावर त्यांच्या वाट्याला सभागृह आलं. नवं बांधलेलं, फरशीचं, वर पंखे असलेलं सभागृह. किल्ली बाबारावांकडे. चौदा एप्रिल, ग्रामसभा आणि मतदान एवढ्यालाच ते कुलूप काढायचे. चपला बाहेर. प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि समोर भाषणासाठी सागवानी डेस्क, मागून पोकळ. त्या डेस्कमागे उभं राहिलं की बाबारावांचा आवाज आपोआप खाली खोल जायचा.

त्यांच्या घरी माणसं पाच. ते, बायको सत्यशीला, मुलगा संघदीप, जो बोरी अरब ते दारव्हा ऑटो चालवायचा, सून दीपा, आणि अडीच वर्षांचा नातू सम्यक. कापूस फुटला की सत्यशीला आणि दीपा दोघीही वेचणीला जायच्या. म्हणजे जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात एकीला सम्यकपाशी थांबावं लागायचं, आणि बहुतेक वेळा थांबायची ती सत्यशीला. गावात तिच्याइतका हात चालणारी वेचणारी दुसरी नव्हती, आणि ती घरी बसून नातवाच्या मागे अंगणात धावत होती. बाबाराव त्या वेळी ओट्यावर पेपर वाचत असायचे. नातू त्यांना फार आवडायचा. तो हसत असला की ते त्याला मांडीवर घ्यायचे आणि रडायला लागला की परत द्यायचे.

बाकीच्या घरांतही हेच होतं. कुणाची थोरली मुलगी वेचणीच्या दिवसांत शाळेत दिसायची नाही, कारण धाकटं तिच्या कडेवर असायचं. धुरपताबाई नावाच्या म्हातारीला जेमतेम उजेड-अंधार कळायचा, पण तिच्याकडे पणतवंडांची पलटण सोडून घरच्या बाया शेतात जायच्या. पुष्पाताईंची अंगणवाडी होती, पण तिथं तीन वर्षांच्या वरचीच बसायची. ती उघडायची तेव्हा बायांची अर्धी ओटी कापसानं भरलेली असायची, आणि बंद व्हायची तेव्हा त्यांची दुपारची भाकरही सोडून झालेली नसायची. उरलेली लेकरं आयांबरोबर वावरात जायची. मागच्या वेचणीला असंच एक रांगतं पोर कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, बसून फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण चोखताना सापडलं. झाकण सत्यशीलानं त्याच्या तोंडातून काढलं. पोराला काही झालं नाही. सत्यशीलाला मात्र त्या दिवसापासून काहीतरी झालं.

तिची भाची यवतमाळात नोकरी करायची. तिचं मूल ज्या पाळणाघरात होतं ते सत्यशीला एकदा स्वतः जाऊन बघून आली. तिथं तीन-तीन वर्षांची पोरं रंगाप्रमाणे मणी वेगळे करत होती, आपापले हात धूत होती आणि एकमेकांना गोष्ट सांगत होती, तीही अशी की हत्ती शेवटी आईस्क्रीम खायला जातो. सत्यशीलाला ते फार आवडलं. भाची म्हणाली, मावशी, चांगलं तर आहेच, पण माझा अर्धा पगार इथंच ठेवून मी घरी जाते. परतीच्या बसमध्ये सत्यशीलानं ठरवलं की असंच गावात पाहिजे, आणि गावाला परवडेल असं पाहिजे. बचत गटाच्या बायांशी ती बोलली. नवऱ्याशी बोलली नाही. घरी बोलली असती तर त्यांनी घरीच वाद घातला असता आणि जिंकलोही असं समजून झोपले असते. तिला वाद चारचौघांत हवा होता.

ग्रामसभा भरली. पहिला विषय होता गावाच्या फाट्यावरच्या स्वागत कमानीचा. तो बाबारावांचा लाडका विषय. कमान किती उंच, तिच्यावर काय कोरायचं, सदस्यांची नावं कुठल्या बाजूला, यावर ते बराच वेळ बोलले. सरपंच धनसिंग राठोड प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. धनसिंग कुणालाच नाही म्हणत नसत, त्यामुळे ते दुसऱ्यांदा सरपंच होते.

मग सत्यशीला उठली. बाबारावांना वाटलं नळाचं काहीतरी असेल. तिनं सांगितलं की सभागृह रिकामं आहे, तिथं लहान लेकरांसाठी पाळणाघर सुरू करावं. बाया वावरात निघतात तेव्हा ते उघडावं, बाया परत येईस्तोवर चालावं. दोन बाया पगारी ठेवाव्या, त्यांना शिकवून तयार करावं, लेकरांना गरम खाणं, स्वच्छ पाणी, झोपायला जागा, खेळायला वस्तू, गाणी-गोष्टी असाव्या. कोंडवाडा नको, असंही ती म्हणाली.

बाबाराव डेस्कमागे गेले. बायको समोर असली तरी डेस्क ते डेस्क. त्यांनी सांगितलं की पाळणाघर हे शहरातलं फॅड आहे, तिथं शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. खेड्यात घरोघर म्हातारं माणूस बसलेलं आहे, लेकरू त्याच्यापाशी ठेवावं. सभागृहाच्या फरशीवर पोरांनी काय काय करायचं, हे त्यांनी सूचक शब्दांत विचारलं. त्यांचे मित्र फकिराभाऊ पुढच्या रांगेत बसून "बराबर" म्हणत होते. आणि मग, थांबायला हवं होतं तिथं न थांबता बाबाराव म्हणाले, "दोन बाया, अन् त्यायले ट्रेनिंग? म्या जिंदगीभर पॅसेंजर सांभाळले. दहा-बारा पोट्टे तं मी पेपर वाचता वाचता सांभाळीन."

सत्यशीला खाली बसली नव्हती.

"मंग सोमवारी सांभाळा," ती म्हणाली.

बाया वळून बाबारावांकडे बघू लागल्या. फकिराभाऊंनी "बराबर" म्हटलं आणि मग आपण कुणाला म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं. धनसिंगांना कुणालाही नाही न म्हणता प्रश्न सुटतोय हे दिसलं. त्यांनी लगेच जाहीर केलं की सोमवारी बाबारावजी सभागृहात एक दिवस लेकरं सांभाळतील, आणि जे दिसेल त्यावरून पुढचं ठरवू. टाळ्या झाल्या. टाळ्यांपुढे बाबाराव कधीच मागे हटले नव्हते.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात जुनी शिट्टी अडकवून आणि बगलेत पेपर घेऊन सभागृहात पोहोचले. त्यांची कल्पना होती की सात-आठ पोरं येतील. बायांनी मात्र चांगला निरोप फिरवला होता. गावातून आल्या, पलीकडच्या बंजारा तांड्यावरून आल्या. प्रत्येक आई लेकरू हातात देताना काहीतरी सांगत होती. हा कान धरल्याशिवाय झोपत नाही. हिला स्टीलच्या गिलासातलं पाणी चालत नाही. याला भिंतीचा चुना खायची सवय आहे, लक्ष असू द्या. धुरपताबाईचा पणतू चावते, पण रागानं नाही. बाबाराव तिकीट फाडल्यासारखी मान हलवत होते आणि एकही शब्द डोक्यात जात नव्हता. शेवटी दीपा आली. सम्यकला खाली ठेवून म्हणाली, "मामाजी, याले एकटं वाटलं की हा लपते." एवढं बोलून ती सासूच्या मागे निघून गेली.

भरलेल्या गाडीत मागच्या दारातून नुसती नजर टाकून किती प्रवासी आहेत ते सांगणारा माणूस म्हणून बाबारावांची डेपोत ख्याती होती. त्यांनी नजर टाकली. पण तिथले प्रवासी बसून असायचे. इथं एकजण मोजेपर्यंत आधीचा दुसऱ्या भिंतीला गेलेला असायचा. तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, म्हणून त्यांनी मोजणं सोडलं. दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची घेऊन पेपर उघडला.

पेपरचं पहिलं पान एका मुलीनं मागितलं म्हणून दिलं. मग दुसऱ्यानं मागितलं. क्रीडा पान सगळ्यांत शेवटी गेलं. तोवर एका बाळानं आई गेल्याचं ओळखलं होतं. ते रडू लागलं, त्याचं ऐकून शेजारचं रडू लागलं, आणि मग ज्यांना आईची आठवण आली नव्हती त्यांनाही आली. बाबारावांनी आयुष्यभर दंगा थांबवायला एकच गोष्ट वापरली होती. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात फुंकली.

क्षणभर सगळं खरंच थांबलं. मग झोपलेली दोन बाळं उठली, उरलेली सगळी घाबरून रडली, आणि जी रडत नव्हती त्यांना शिट्टी हवी झाली.

तांड्यावरचा एक मुलगा बराच वेळ त्यांचा शर्ट ओढून काहीतरी सांगत होता. त्याला फक्त गोरबोली, म्हणजे तांड्यावरची बंजारा बोली, येत होती. बाबारावांनी त्याला पाणी दिलं, त्यानं मान हलवली. बिस्कीट दिलं, मान हलवली. कडेवर घेतलं. कडेवर घेतल्यावर तो काय सांगत होता ते त्यांना आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला एकदमच समजलं.

फकिराभाऊ मदतीला आले. त्यांना दोन बाळं धरायला दिली. थोड्या वेळानं त्यांना आठवलं की बकऱ्या बांधायच्या राहिल्या आहेत. बाबाराव म्हणाले, सकाळी तं बांधलेल्या पाह्यल्या. फकिराभाऊ म्हणाले, सोडायच्या राह्यल्या, आणि गेले. मग पाहणी करायला सरपंच आले. धनसिंगांनी दारातूनच "वा, वा, छान चाललंय" म्हटलं आणि एका गोंडस पोराच्या गालाला हात लावला. तो धुरपताबाईचा पणतू होता. सरपंच बोट धरून दवाखान्याकडे गेले. रागानं चावलं नव्हतं, हे बाबारावांनी त्यांना मागून ओरडून सांगितलं.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. काहीच सुचेना तेव्हा बाबारावांनी खुर्च्या दोन-दोन करून रांगेत लावल्या, पुढे एक ठेवली आणि जुन्या आवाजात म्हणाले, "चला, बोरी, लाडखेड, यवतमाळ. बसा, बसा." पोरं चढली. एकाला ड्रायव्हर केलं. पेपरच्या तुकड्यांची तिकिटं केली. कोण कुठं उतरणार ते विचारलं. एक मुलगी म्हणाली, आईपाशी. बाबाराव म्हणाले, तो स्टॉप शेवटी आहे. ती शांत बसली. बरीच पोरं शांत बसली. बाबारावांना पहिल्यांदा वाटलं की जमतंय. पण गाडीतल्या सगळ्यांकडे लक्ष दिलं की गाडीबाहेरच्या रांगणाऱ्यांकडे लक्ष राहत नव्हतं. एक रांगणारं भिंतीपाशी पोहोचून चुना खात होतं. त्याला उचलायला गेले तोवर गाडीत मारामारी झाली, कारण सगळेच ड्रायव्हर होते.

तेवढ्यात पुष्पाताई अंगणवाडीच्या खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. आज आपल्याकडची पोरंही इकडेच आली म्हणून खिचडी इकडे आणली, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पातेलं ठेवलं आणि सभोवार पाहिलं. बाबाराव कसनुसं हसले आणि म्हणाले की ताई, तुमाले सवय आहे, तुमाले जमते.

"काका, मले काही जास्त येत नाही," पुष्पाताई म्हणाल्या. "मले मदतनीस आहे. अन् ती नसली त्या दिवशी माह्यी बी हीच गत होते."

दोघांनी मिळून खिचडी वाढली. खिचडी वाढताना बाबारावांच्या लक्षात आलं की सम्यक दिसत नाही.

आधी त्यांनी सहज पाहिलं. मग खुर्च्यांमागे पाहिलं. मग संडासात, मग गच्चीच्या जिन्यावर. दाराला कडी घातलेली नव्हती. फकिराभाऊ गेल्यावर कडी आपण घातली होती, की सरपंच गेल्यावर ती तशीच राहिली होती, हे काही केल्या त्यांना आठवेना. बाहेर रस्ता होता. रस्त्यापलीकडे विहीर होती, आणि तिच्या कठड्याचा विषय ग्रामसभेत कमानीच्या खाली होता. बाबाराव अनवाणीच धावले. विहिरीत वाकून पाहिलं, पाणी शांत होतं, आणि ते शांत असण्याचा अर्थ चांगला की वाईट हे त्यांना समजेना. घाटात एकदा गाडीचे ब्रेक गेले होते तेव्हाही ते असे घाबरले नव्हते. आता सत्यशीलाला काय सांगायचं, असा विचारही त्यांच्या मनात आला नाही. फक्त दीपाचा सकाळचा आवाज आला. याले एकटं वाटलं की हा लपते.

ते परत आत आले. पुष्पाताई दारात उभ्या राहून बाकीच्यांना अडवत होत्या. बाबाराव सभागृहाच्या मधोमध उभे राहिले आणि लेकरू लपेल अशी जागा कुठली ते पहिल्यांदा लेकराच्या उंचीवरून बघायला गुडघ्यांवर बसले. समोर डेस्क होतं. मागच्या पोकळीत सम्यक पेपरच्या क्रीडा पानावर गाल ठेवून गाढ झोपला होता.

बाबारावांनी त्याला बाहेर काढलं नाही. तिथंच फरशीवर बसले. पुष्पाताईंनी नंतर बायांना सांगितलं की काका रडले नाहीत, फक्त बराच वेळ चष्मा पुसत होते, अन् चष्मा तं खिडकीत होता.

संध्याकाळी बाया आल्या. बाबाराव पायरीवर बसले होते. शर्टाची दोन बटणं नव्हती. शिट्टी एका मुलीच्या गळ्यात होती आणि ती वाजत होती. कडेला एक, पाठीवर एक, मांडीवर झोपलेलं एक अशी तीन पोरं त्यांच्या अंगावर होती, आणि मांडीवरच्याचा कान त्यांनी दोन बोटांत धरून ठेवला होता. बाया हसायच्या तयारीत आल्या होत्या, पण ते रूप बघून पायरीपाशीच थबकल्या.

"दोन बाया नाई पुरत," बाबाराव म्हणाले. "तीन पायजेत. अन् त्यातली एक तांड्यावरची पायजे."

मग बाया हसल्या. सत्यशीला हसली नाही. तिनं सम्यकला घेतलं आणि नवऱ्याला विचारलं की काही खाल्लं का. त्यांनी नाही म्हटलं. घरी गेल्यावर त्यांनी डेस्कची आणि विहिरीची गोष्ट स्वतःहून सांगितली. दीपानं ऐकता ऐकता सम्यकला जवळ ओढलं. सत्यशीला एवढंच म्हणाली की माह्यासोबतही एकदा झालं होतं, तुमाले सांगतलं नाही. बाबारावांनी विचारलं, काहून नाही सांगतलं? ती म्हणाली, तुमी पेपर वाचून राह्यले होते.

त्या आठवड्यात बाबाराव आणि सत्यशीला तालुक्याच्या गावी बालविकास कार्यालयातल्या साहेबांना भेटायला गेले. पाळणाघराची मंजुरी तिथून निघते असं ग्रामसेवकानं सांगितलं होतं. साहेबांचं नाव मंदार, आडनाव पाटीवर पुसट झालेलं. तरुण, सभ्य माणूस, यवतमाळहून रोज ये-जा करणारा. बोलताना तो सारखा टेबलाच्या खाली बघत होता. बाबारावांना वाटलं, मोबाईल असेल.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मागणी योग्य आहे, म्हणाले. पण शहरांची गोष्ट वेगळी, खेड्यांत संयुक्त कुटुंबं असतात, घरोघर आजी-आजोबा असतात, त्यामुळे खेड्यांसाठी प्राधान्य मिळणं अवघड जातं. बाबाराव हे ऐकून खुर्चीतच अवघडले. हे वाक्य त्यांनी अगदी अलीकडे कुठंतरी ऐकलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना ते तेव्हा फार आवडलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पँटची मोहरी ओढली.

टेबलाखालून तीन वर्षांची एक मुलगी बाहेर आली. तिच्या हातात ऑफिसचा शिक्का होता आणि दोन्ही गालांवर, कपाळावर आणि गुडघ्यांवर "आवक" असं उमटलेलं होतं. साहेब ओशाळले. ही शाल्मली, त्यांनी सांगितलं. तिच्या पाळणाघरातल्या बाईंचं लग्न ठरलं, त्या गेल्या, दुसऱ्या मिळेनात, पाळणाघर बंद. शुभदा, म्हणजे तिची आई, बँकेत आहे, तिथं कॅश काउंटरवर मूल नेता येत नाही. काल शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. आज शेजारी नागपूरला गेले. हे सांगताना साहेबांचा आवाज अधिकाऱ्याचा राहिला नव्हता.

बाबारावांना टोमणा सुचला होता, आणि तो चांगला होता. तो त्यांनी गिळला. त्यांनी मुलीला विचारलं, कुठं उतरायचं? ती म्हणाली, घरी. त्यांनी शिक्का तिच्याकडून घेऊन तिच्या तळहातावर हळूच एक उमटवून दिला आणि सांगितलं, हे तिकीट, हरवायचं नाही. ती त्यांच्या मांडीवर चढून बसली.

सत्यशीला म्हणाली, "साहेब, तुमाले टेबल तरी आहे. आमच्या बाया लेकरू कपाशीच्या झाडाखाली ठेवतात. त्या झाडावर औषध मारलेलं असते."

साहेबांनी विचारलं की सभागृहाला खिडक्या किती, पाण्याची सोय आहे का, शिकलेली मुलगी मिळेल का. निघताना ते म्हणाले की सेविका आणि मदतनीस अशा दोघींसाठी प्रयत्न करतो, पण तिसरी बसत नाही, ती ग्रामपंचायतीनं बघावी. बाबाराव म्हणाले, पाहू. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना सत्यशीलानं विचारलं की कुठून पाहणार. बसमध्ये कंडक्टरनं बाबारावांना ओळखून पुढची जागा दिली, तिथं बसल्यावर ते म्हणाले, "कमान नसली तं गाव काही हरपत नाही. फाट्यावर उतरलं की गाव दिसतेच."

पुढची ग्रामसभा सोपी गेली नाही. कमानीवर नाव येणार म्हणून इतर सदस्यही तिच्यात गुंतलेले होते. एकानं तर घरी नातेवाइकांना सांगूनही ठेवलं होतं. बाबाराव डेस्कमागे गेले नाहीत, खाली सतरंजीवर उभे राहूनच बोलले. त्यांनी डेस्कच्या मागे काय सापडलं होतं ते सांगितलं. एरवी लांबण लावणारा माणूस त्या दिवशी थोडक्यात बोलला, तेव्हा कमानीवाल्या सदस्यांनीही खाली पाहिलं. एकजण तरीही म्हणाला की बाबाराव, एका दिवसात तुमचं मत बदललं, उद्या परत बदललं तर? सत्यशीलानं मागून उत्तर दिलं की बदललं तर अजून एक सोमवार देऊ. धनसिंगांनी बोटाला बांधलेली पट्टी वर करून पाठिंबा जाहीर केला. सरपंचपदाच्या दोन्ही काळांत त्यांनी बाकीच्यांचा कल दिसायच्या आधी घेतलेली ही पहिलीच बाजू होती. कमान पुढे ढकलली आणि तिचे पैसे तिसऱ्या बाईच्या पगाराला ठेवले. विहिरीला कठडा बांधायचंही त्याच सभेत ठरलं, तेही बाबारावांनीच मांडलं.

मंजुरी यायला वेचणीचा अर्धा हंगाम गेला. साहेबांनी दोनदा फोन करून कुठं अडलंय ते कळवलं, आणि एकदा शाल्मलीला फोनवर बोलायचं आहे म्हणून दिला. तिला पुढे कसलं पाळणाघर मिळालं ते कळलं नाही. बाबारावांना ती गोष्ट राहून राहून आठवायची.

सभागृहात पाळणाघर सुरू झालं ते कापसाच्या शेवटच्या वेचणीला. बोरी अरबची भैरवी नावाची मुलगी सेविका म्हणून आली. तिनं या कामाचं शिक्षण घेतलं होतं आणि आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती. मदतनीस गावातलीच एक बाई झाली. तिसरी तांड्यावरची लालीबाई, जिला पोरांची गोरबोली येत होती आणि वर गाणीही येत होती. भिंतींना चुन्याऐवजी धुता येणारा रंग लावला. सतरंज्या, रंगीत ठोकळे, मण्यांचे डबे, चित्रांची पुस्तकं आली. थोडं ग्रामपंचायतीनं दिलं, थोडं मागून आणलं, थोडं संघदीपनं ऑटोत घालून यवतमाळहून ओढत आणलं. ज्यांच्या घरी जास्त अडचण होती त्यांच्याकडून काहीच घ्यायचं नाही, बाकीच्यांनी झेपेल तेवढं द्यायचं, असं बायांनीच ठरवलं. तक्रारी होत्याच. एका आईला पोरं मातीत खेळतात ते पसंत नव्हतं, दुसरीला वाटायचं अजून एबीसीडी कशी येत नाही. भैरवी दोघींना बसवून समजावायची आणि दोघी पूर्ण न पटता घरी जायच्या.

थोरल्या मुली शाळेत दिसू लागल्या. सत्यशीला आणि दीपा एकाच दिवशी, एकाच वावरात, शेजारच्या तासांना लागल्या. दीपाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की सासूच्या हाताची बरोबरी करणं सोपं नाही.

बाबारावांना मात्र जमवून घ्यायला वेळ लागला. त्यांना वाटलं होतं की आपली तिथं रोज गरज पडेल. पहिल्या दिवशी ते सकाळीच गेले आणि खुर्च्या लावू लागले. भैरवीनं नम्रपणे सांगितलं की आता पोरांची खाण्याची वेळ आहे. ते जेवणानंतर गेले. ती म्हणाली, आता झोपेची वेळ आहे, आजोबा. त्यांनी खिडकीतून पाहिलं. लेकरं ओळीत निजली होती, लालीबाई एकाचा कान धरून बसली होती आणि सभागृहात पंख्याचा तेवढा आवाज होता. त्यांना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. शेवटी भैरवीनं त्यांना बुधवारची दुपार दिली, गाडी-गाडी खेळायला. त्यातही तिनं एक अट घातली, ड्रायव्हर सगळ्यांना आळीपाळीनं करायचं.

संध्याकाळी बाया वावरातून यायच्या आत नातवाला घरी न्यायचं काम बाबारावांनी आपल्याकडे घेतलं. आपण दारात उभे राहिलो की तो आतून धावत येईल म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी दोन्ही हात पसरून ठेवले होते. सम्यकनं मणी खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मण्यांकडे वळला. निळे एका वाटीत, पिवळे दुसऱ्या वाटीत चालले होते, आणि अजून बरेच उरले होते.

"चल बापू, घरी," बाबाराव म्हणाले.

"आबा, तू जा," सम्यक म्हणाला. "मी काम करून राह्यलो."

बाबाराव पायरीवर टेकले. मागून धुरपताबाई काठी टेकत आपल्या पणतवंडांना न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोण बसलं आहे, पोट्टे निघाले का? बाबाराव म्हणाले, नाही निघाले, बसा तुमीही. आणि सवयीनं थोडे बाजूला सरकून त्यांनी म्हातारीला जागा करून दिली.